साखर-कारखानदारीच्या प्रवर्तकांचे मूल्यमापन : बीड जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

१. प्रश्नाचे स्वरूप

एखाद्या प्रदेशात औद्योगिक वाढ जलद गतीने होऊ लागली म्हणजे तिच्या अग्रभागी असलेल्या कर्त्या पुरुषांविषयी पुढील पिढ्यांचे मत दुभंगते. कोणी त्यांना प्रदेशाचे भाग्यविधाते मानतात. कोणी त्यांनी उभारलेल्या वैभवाखाली किती लोक चिरडले गेले याची गणती करू लागतात. अमेरिकेत यादवी युद्धानंतरच्या कालखंडातील पोलाद, तेल व रेल्वे या धंद्यांच्या धुरीणांविषयी असाच वाद झाला. मॅथ्यू जोसेफसन यांनी १९३४ मध्ये त्यांना लुटारू सरदारांच्या मालिकेत बसविले, तर ॲलन नेव्हिन्स यांनी १९४० मध्ये रॉकफेलरचे चरित्र लिहून त्याच्या संघटनाकौशल्याची बाजू मांडली. पुढे १९७७ मध्ये आल्फ्रेड चँडलर यांनी व्यक्तींच्या गुणदोषांपेक्षा व्यवस्थापनाच्या नव्या यंत्रणेकडे लक्ष वेधले, आणि वादाला निराळे वळण लागले.

महाराष्ट्रात या वादाचे प्रतिबिंब एका शब्दात सामावलेले आहे. ‘साखरसम्राट’ हा तो शब्द होय. तो गौरवार्थी वापरला जातो तसाच उपरोधानेही वापरला जातो. माळरानावर शाळा, दवाखाने, दूधसंघ व बाजारपेठा उभ्या करणारा नेता त्या शब्दातून सूचित होतो. आणि कारखान्याच्या बळावर तालुक्याचे राजकारण मुठीत ठेवणारा सत्ताधीशही त्यातूनच सूचित होतो. तथापि ही दोन्ही मते बनली ती बहुधा कारखान्याच्या कार्यक्षेत्रात. सभासदाला भाव किती मिळाला, लहान शेतकऱ्याला न्याय मिळाला की नाही, निवडणुकीत कोण जिंकले, या प्रश्नांभोवतीच ती फिरतात. ज्यांच्या हातांनी ऊस तोडला जातो ते लोक मात्र त्या कार्यक्षेत्राचे रहिवासी नसतात. त्यांपैकी फार मोठा भाग बीड जिल्ह्यातून येतो. म्हणून साखर-कारखानदारीच्या प्रवर्तकांचा वारसा बीडमधून पाहिला असता त्याचे स्वरूप कसे दिसते, आणि तसे पाहणे मूल्यमापनाच्या दृष्टीने आवश्यक का आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

२. पाणी, ऊस आणि दुष्काळ

दख्खनच्या पठारावरील कालवे मुळात उसासाठी काढलेले नव्हते. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतर अवर्षणप्रवण भागातील ज्वारी-बाजरीला संरक्षण मिळावे, हा त्यांमागील एक प्रमुख हेतू होता. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये वाहू लागला; पुढे गोदावरीचे कालवे झाले; प्रवरेवरील भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. परंतु चांगल्या पावसाच्या वर्षी ज्वारीचा शेतकरी पाणी घेईना, आणि कालव्याचा खर्च तर भरून निघाला पाहिजे. बारमाही पाणी घेऊन अधिक पाणीपट्टी देणारे पीक म्हणून उसाकडे कालव्याचे पाणी वळले. दुष्काळनिवारणासाठी काढलेल्या पाण्यावर अशा रीतीने नगदी पिकाचा पट्टा तयार झाला.

या पट्ट्यात प्रथम खाजगी भांडवल आले. हरिगाव येथील बेलापूर कंपनीचा कारखाना हे त्याचे आरंभीचे उदाहरण. १९३२ मध्ये साखरधंद्याला जकातीचे संरक्षण मिळाल्यानंतर कारखान्यांची संख्या भराभर वाढली. सोलापुरात १८८२ मध्ये जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी नाशिक जिल्ह्यातील रावळगाव येथे आणि इंदापूर तालुक्यातील कळंबच्या माळावर, म्हणजे आजच्या वालचंदनगरात, साखरेच्या वसाहती उभ्या केल्या. जहाज, विमान व मोटार या तिन्ही धंद्यांत पाऊल टाकणाऱ्या या उद्योगपतीच्या चरित्रात साखर हे एक प्रकरण मात्र आहे. परंतु ग्रामीण महाराष्ट्राच्या दृष्टीने ते महत्त्वाचे आहे. खाजगी कारखान्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने घेतल्या व स्वतःच्या मळ्यांवर ऊस पिकविला. शेतकरी जमिनीचा नाममात्र मालक राहिला. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने हे मळे संपुष्टात आले, आणि त्यांच्या जमिनींच्या व्यवस्थेसाठी १९६३ मध्ये महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन झाले.

खाजगी मळ्यांच्या या अनुभवातूनच सहकारी कारखान्याची कल्पना बळावली. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांच्या प्रयत्नांतून प्रवरा कारखाना उभा राहिला व १९५०-५१ च्या हंगामात त्याने पहिले गाळप केले. गाडगीळ हेच त्याचे पहिले अध्यक्ष होते. पुढील दोन दशकांत सांगलीस वसंतदादा पाटील, वारणेकाठी तात्यासाहेब कोरे, इचलकरंजीजवळ रत्नाप्पा कुंभार, अकलूजला शंकरराव मोहिते पाटील असे अनेक प्रवर्तक पुढे आले. शासनाचे भागभांडवल, कर्जास हमी आणि परवाने देताना सहकारी संस्थांना प्राधान्य, या तीन आधारांवर ही चळवळ वाढली. तिचे तत्त्व सरळ होते : जो पिकवितो त्याच्याच हाती कारखान्याची मालकी असावी आणि नफा त्याच्याच दारी यावा.

या सर्व काळात बीड जिल्हा निराळ्याच राजवटीत होता. १९४८ पर्यंत तो निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत होता. १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. इंग्रजी मुलखातील कालव्यांचे जाळे येथे पोचले नव्हते. उत्तरेला गोदावरी असली तरी जिल्ह्याचा मोठा भाग बालाघाटच्या डोंगररांगांवर व त्यांच्या पायथ्याशी पसरलेला आहे. आष्टी, पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणी या भागांत जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा आणि खरिपानंतर हाताला काम नाही, अशी स्थिती पिढ्यान्‌पिढ्या होती. नगर जिल्ह्यातील पाथर्डीचा प्रदेशही याच डोंगराचा शेजारी व याच दैन्याचा वाटेकरी. उसाचा पट्टा वाढत गेला तसा त्याला मजूर पुरविणारा प्रदेश म्हणून हा भाग त्याच्याशी जोडला गेला. १९७२ च्या दुष्काळाने हे नाते पक्के केले.

तात्पर्य, दुष्काळासाठी काढलेले पाणी उसाला गेले, आणि ज्या मुलखाला ते पाणी मिळाले नाही तेथील माणसे ऊस तोडावयास गेली. हा कोणा एका व्यक्तीचा कट नव्हता; परंतु साखर-कारखानदारीचा वारसा समजून घेण्यास ही पार्श्वभूमी टाळता येत नाही.

३. तोडणीची यंत्रणा

उसाचा एक नैसर्गिक धर्म या व्यवस्थेच्या मुळाशी आहे. ऊस तोडल्यापासून त्यातील साखर उतरू लागते. म्हणून तो शक्य तर एका दिवसात गाळावा लागतो. दुसरीकडे, कारखान्याची यंत्रे एकदा सुरू झाली की रात्रंदिवस चालली पाहिजेत. खाजगी मळ्यावर ऊस सलग असे. सहकारी कारखान्याचा ऊस हजारो सभासदांच्या लहानमोठ्या तुकड्यांत विखुरलेला असतो. प्रत्येक सभासदाने आपल्या सवडीने ऊस तोडून आणावयाचा म्हटले तर एके दिवशी गव्हाणीपुढे गाड्यांची रांग लागेल व दुसऱ्या दिवशी यंत्र रिकामे फिरेल. यासाठी लागवडीच्या नोंदी ठेवणे, पक्वतेनुसार तोडणीचा क्रम लावणे आणि टोळ्या पाठविणे हे काम कारखान्याने स्वतःकडे घेतले.

या कामासाठी माणसे किती लागतात, याचा अंदाज साध्या गणिताने येतो. पतिपत्नीची एक जोडी दिवसाकाठी साधारणपणे दीड ते दोन टन ऊस तोडून, पाचट काढून, मोळ्या बांधून भरू शकते. प्रतिदिन २,५०० टन गाळप करणाऱ्या कारखान्यास त्या मानाने रोज १,२५० ते १,६५० जोड्या, म्हणजे अडीच हजारांपासून तीन हजार तीनशेपर्यंत माणसे लागतात. २०२१-२२ च्या हंगामात महाराष्ट्रात सुमारे दोनशे कारखान्यांनी १,३०० लाख टनांहून अधिक ऊस गाळला व सुमारे १३७ लाख टन साखर निघाली. त्या एका हंगामापुरती कोयत्याखाली किती माणसे होती, याची कल्पना यावरून करता येईल.

एवढी माणसे कारखान्याच्या गावी मिळत नाहीत. मिळाली तरी स्थानिक मजूर सणावाराला घरी राहतो, दुसरे काम मिळाले की निघून जातो आणि मजुरीसाठी अडून बसतो. दूरच्या प्रदेशातून आणलेला, अगोदर पैसे घेतलेला आणि फडाशेजारी कोपीत राहणारा मजूर मात्र पहाटे तीनला उठवला तरी कामावर हजर होतो. यान ब्रेमन यांनी दक्षिण गुजरातमधील बारडोलीच्या सहकारी कारखान्यांचा अभ्यास १९७८ मध्ये प्रसिद्ध केला. तेथे खानदेशातून येणाऱ्या तोडणी-मजुरांच्या बाबतीत त्यांनी हाच निष्कर्ष काढला : स्थानिक मजूर उपलब्ध असतानाही बाहेरचा मजूर आणला जातो, कारण तो अधिक आज्ञाधारक ठरतो. बीडच्या उदाहरणात मजुरांच्या टंचाईचा भाग अधिक असला, तरी शिस्तीचा हा हेतू तेथेही दृष्टीआड करता येत नाही.

४. कोयता, उचल व मुकादम

या व्यवहाराची भाषाच बरेच काही सांगून जाते. करार माणसाशी होत नाही, ‘कोयत्या’शी होतो. एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकटा माणूस आला तर तो ‘अर्धा कोयता’. पावसाळ्यात मुकादम गावोगाव फिरतो आणि जोडीला ‘उचल’ देतो. लग्न, आजारपण, बी-बियाणे किंवा मागील देणे यांत ती रक्कम बहुधा हंगाम सुरू होण्यापूर्वीच संपते. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या ट्रक-ट्रॅक्टरांतून निघतात आणि फाल्गुन-चैत्रात ‘पट्टा पडला’ की परततात. मजुरी टनावर ठरते व ती उचलीतून वळती होते. काम कमी झाले, आजारपण आले किंवा हंगाम लवकर आटोपला तर बाकी अंगावर राहते व पुढील वर्षीच्या उचलीत मिळविली जाते. कामावर न गेलेल्या दिवसाला ‘खाडा’ म्हणतात; त्याबद्दल दंड कापण्याची रीत अनेक टोळ्यांत आहे. हंगामात रोजच्या खर्चाला हाती पैसा येतो तो मुख्यतः उसाचे वाढे चाऱ्यासाठी विकून.

या साखळीतील कायद्याची गाठ विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. उसाचा किफायतशीर भाव कारखान्याच्या दारात पोचलेल्या उसाला दिला जातो. म्हणून तोडणी व वाहतूक हा कागदोपत्री शेतकऱ्याचा खर्च ठरतो, आणि कारखाना तो उसाच्या बिलातून कापून घेतो. परंतु टोळी कोणती, ती केव्हा व कोणत्या फडात जाईल, हे शेतकरी ठरवीत नाही. ते कारखाना ठरवितो. कारखाना करार करतो तो वाहतूकदाराशी, वाहतूकदार मुकादमाशी, मुकादम कोयत्याशी. परिणामी ऊस तोडणारा मजूर शेतकऱ्याचा नोकर नाही, कारखान्याचा कामगार नाही, आणि मुकादम तर स्वतःला मजुरांतलाच एक म्हणवितो. १९७९ चा स्थलांतरित कामगारांचा कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी होता. बीडहून सांगलीला किंवा कोल्हापूरला जाणाऱ्यास तो लागू नव्हता. धन्यावाचून चाकरी असा हा विलक्षण प्रकार आहे.

येथेच सहकाराच्या तत्त्वातील उणीव स्पष्ट होते. खाजगी मळ्याने शेतकऱ्याला मालकीतून वगळले होते. सहकारी कारखान्याने त्याला मालकीत आणले, ही मोठी सुधारणा झाली. परंतु ‘जो पिकवितो’ या शब्दांचा अर्थ ‘ज्याची जमीन आहे’ असाच केला गेला. उसाला पाणी देणारा, तो तोडणारा व गाडीवर चढविणारा मजूर त्या व्याख्येच्या बाहेर राहिला. त्याला भाग घेता आला नाही, मत देता आले नाही, आणि कारखान्याच्या कायम कामगाराप्रमाणे वेतनमंडळाचे संरक्षणही मिळाले नाही.

५. हिशेबात न आलेला खर्च

कारखान्याचा ताळेबंद या खर्चाची नोंद करीत नाही. ती बीडच्या गावांत करावी लागते. हंगामात अनेक गावांत म्हातारी माणसे व काही मुले तेवढी मागे उरतात. जी मुले आईबापांबरोबर जातात त्यांची शाळा अर्ध्यावर सुटते. जोडीलाच कोयता मिळतो, म्हणून मुलामुलींची लग्ने लवकर उरकण्याकडे कल वाढतो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीडमधील बालविवाहाचे प्रमाण राज्याच्या सरासरीच्या जवळजवळ दुप्पट आढळले.

या खर्चाचे सर्वांत विदारक रूप २०१९ मध्ये पुढे आले. ऊस तोडणाऱ्या स्त्रियांत गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया फार मोठ्या प्रमाणात होत असल्याच्या वार्तांनंतर विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते, म्हणजे दर शंभरांत जवळजवळ सतरा. चौथ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटासाठी हेच प्रमाण राज्यात तीन टक्क्यांहूनही कमी होते. दोन्ही पाहण्यांची पद्धती एक नसल्याने आकड्यांची तुलना बेताने करावी लागते; शिवाय त्यांतील प्रत्येक शस्त्रक्रिया अनावश्यक होती असेही म्हणता येणार नाही. तरी एवढी तफावत योगायोगाची असू शकत नाही. फडावर पाणी व शौचालय नाही, पाळीच्या दिवसांत विश्रांती नाही, गरोदरपणातही मोळी डोक्यावर घ्यावी लागते, दुखणे अंगावर काढले जाते, आणि शेवटी कर्करोगाची भीती घालणारा डॉक्टर गाठ पडतो. खाड्याचा दंड व पुढील हंगामाची उचल डोळ्यांपुढे असताना ‘एकदाचे काढून टाका’ हा सल्ला स्त्रीला सुटकेसारखा वाटतो.

या घटनेची जबाबदारी कोणावर टाकावयाची? कारखाना वाहतूकदाराकडे बोट दाखवितो, वाहतूकदार मुकादमाकडे, मुकादम जोडीच्या संमतीकडे, आणि डॉक्टर रुग्णाच्या सहीकडे. प्रत्येकाचे उत्तर कागदोपत्री बरोबर असते. मधली साखळी लांब असली म्हणजे दोष कोणाच्याच पदरात पडत नाही, हाच या व्यवस्थेचा विशेष होय.

६. एका आक्षेपाचा विचार

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो उपेक्षणीय नाही. कारखाने नसते तर बीडचा शेतमजूर काय करता? तो मुंबईच्या फुटपाथवर गेला असता किंवा गावीच उपाशी राहिला असता. ऊसतोडणीने त्याला सहा महिन्यांचे काम आणि रोख रक्कम दिली. काही कुटुंबांनी या पैशावर विहिरी खोदल्या, मुले शिकविली. काही मुकादम पुढे वाहतूकदार झाले. दुष्काळी कामांतून वाढलेली रोजगार हमी योजना कायद्याने प्रस्थापित झाल्यानंतरही लोक ऊसतोडणीलाच गेले, याचा अर्थ त्यांनी स्वतःच निवड केली, असेही म्हटले जाते.

यातील पहिला भाग मान्य करावाच लागेल. दुसऱ्या भागाचा मात्र बारकाईने विचार केला पाहिजे. रोजगार हमीवर मजुरी काम झाल्यावर आणि पुष्कळदा उशिरा मिळते. मुकादम ती काम सुरू होण्यापूर्वी, एकरकमी देतो. ज्याच्या घरात लग्न वा आजारपण आहे त्याला दिवसाच्या मजुरीपेक्षा या एकरकमी पैशाची निकड अधिक असते. म्हणजे निवड झाली ती दोन मजुऱ्यांमधील नव्हे, तर कर्ज देणारा आणि कर्ज न देणारा यांच्यामधील. अशा निवडीला संमती म्हणता येते. ती संमती व्यवस्थेच्या न्याय्यतेचा पुरावा होत नाही.

दुसरा आक्षेप लोकोपयोगी कार्याचा आहे. प्रवरा, वारणा यांसारख्या कारखान्यांच्या परिसरात महाविद्यालये, रुग्णालये, बाजार, दूधसंघ उभे राहिले. अमेरिकेतील अँड्रू कार्नेगीने १८८९ मध्ये संपत्ती लोकहितासाठी खर्च करण्याचे तत्त्व मांडले व पुढे अडीच हजारांहून अधिक ग्रंथालयांना पैसा दिला. त्याच्याच पोलाद कारखान्यात होमस्टेड येथे १८९२ मध्ये मजुरीकपातीवरून रक्तपात झाला होता. बारा तास काम करणाऱ्या मजुरास ग्रंथालयात जाण्यास वेळ कोठून मिळणार, हा प्रश्न त्या काळीही विचारला गेला. महाराष्ट्रात हा प्रश्न थोडा निराळा आहे. येथील संस्था एका धनिकाच्या दानातून नव्हे, तर बव्हंशी सभासदांच्या ऊसबिलांतील कपातीतून व शासकीय साहाय्यातून उभ्या राहिल्या. म्हणून त्यांना दानधर्म म्हणण्यापेक्षा सामुदायिक बचत म्हणणे योग्य होय. ती बचत सभासदाच्या मुलाच्या शिक्षणासाठी खर्च झाली. ज्याच्या श्रमामुळे ऊस गव्हाणीत पडला त्याचे मूल त्याच आवाराच्या कुंपणाबाहेर कोपीत राहिले.

साखर-सहकाराविषयीचे दोन नामांकित अभ्यास या मुद्द्यावर उद्‌बोधक ठरतात. बावीस्कर यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोपरगावच्या अभ्यासात कारखान्याच्या राजकारणाची मीमांसा केली. डोनाल्ड ॲटवुड यांनी १९९२ मध्ये सहकारी कारखान्यांच्या यशाचे श्रेय लहान व मोठ्या ऊसउत्पादकांच्या युतीला दिले. दोन्ही ग्रंथ मोलाचे आहेत. तथापि दोहोंच्या विवेचनाचा मध्यबिंदू सभासद शेतकरी हाच आहे. यश मोजण्याची जागा बदलली की यशाचे मापही बदलते, हे बीडचे उदाहरण शिकविते.

७. मूल्यमापनाच्या तीन कसोट्या

उपरोक्त विवेचनावरून प्रवर्तकांच्या वारशाचे मूल्यमापन करण्यासाठी तीन कसोट्या निष्पन्न होतात. पहिली, त्या काळी त्यांना कोणते पर्याय उपलब्ध होते. दुसरी, व्यवस्थेच्या परिणामांचे ज्ञान त्यांना होते काय. तिसरी, त्यांनी स्वतः उद्घोषित केलेल्या तत्त्वाशी ते प्रामाणिक राहिले काय. या कसोट्या लावताना साखर-कारखानदारीचा काळ एकजिनसी मानून चालणार नाही. संस्थापनेचा, विस्ताराचा आणि ज्ञानोत्तर अनुवृत्तीचा असे त्याचे तीन खंड पाडावे लागतात.

संस्थापकांपुढे १९५० मध्ये खाजगी मळा हाच प्रत्यक्षातला पर्याय होता. त्याच्या तुलनेत त्यांनी केलेली व्यवस्था अधिक न्याय्य होती, यात शंका नाही. कारखाने मोजके होते, तोडणी-मजुरांचे स्थलांतर मर्यादित होते, आणि त्याचे परिणाम दिसू लागले नव्हते. त्यांच्या खात्यावर एकच तूट मांडता येते : मालकीची व्याख्या करताना श्रमाचा विचार झाला नाही. परंतु ज्या तत्त्वाने आज ही तूट दाखविता येते ते तत्त्वही त्यांनीच दिलेले आहे, हे विसरता कामा नये.

विस्ताराच्या काळातील नेत्यांचे खाते अधिक गुंतागुंतीचे आहे. कारखाने वाढले, त्यांची क्षमता वाढली, आणि त्याच वेळी १९७२ नंतर दुष्काळी भागातून मजुरांचा लोंढा सुरू झाला. स्वस्त मजूर उपलब्ध असल्यामुळेच हा विस्तार इतक्या वेगाने होऊ शकला. याच काळात मजुरांच्या संघटना उभ्या राहिल्या. पाथर्डीचे बबनराव ढाकणे व परळीचे गोपीनाथ मुंडे यांनी तोडणी-दराचा प्रश्न लावून धरला. पुढे शरद पवार व मुंडे यांच्या लवादाने दर ठरविण्याची प्रथा पडली. मुंडे यांचे उदाहरण विशेष विचारणीय आहे. ऊसतोड कामगारांचे नेतृत्व त्यांच्याकडे होते, आणि परळीजवळील वैद्यनाथ सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीतही त्यांचा पुढाकार होता. एका व्यक्तीत दोन्ही बाजू एकत्र आल्यामुळे तडजोड सुलभ झाली, असे एक मत; मजुराची बाजू त्यामुळे कधीच पूर्ण ताणली गेली नाही, असे दुसरे. दोन्ही मतांत तथ्य आहे. जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यातील माजलगाव धरणामुळे बीडमध्येच ऊस वाढला, कारखाने उभे राहिले. तरी जिल्ह्यातून बाहेर जाणाऱ्या टोळ्या थांबल्या नाहीत. कारखाना कोठे आहे यापेक्षा तोडणीची व्यवस्था कशी आहे हे निर्णायक ठरते, हे यावरून सिद्ध होते.

तिसऱ्या खंडातील कारखानदारांना मात्र पहिल्या दोहोंची सबब मिळत नाही. उचलीचे बंधन, मुलांची शाळा, स्त्रियांचे आरोग्य यांविषयीची माहिती आज अहवालांतून, न्यायालयांतून व विधिमंडळातून पुढे आलेली आहे. अनेक आजारी सहकारी कारखाने खाजगी हाती गेले असून चालू कारखान्यांपैकी जवळजवळ निम्मे खाजगी आहेत. तोडणीची पद्धत मात्र दोन्हीकडे एकच राहिली. मालकीचे स्वरूप बदलूनही जी गोष्ट बदलत नाही तीच वारशाचा खरा गाभा होय. काही पावले पडली आहेत. २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना आली. कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी गाळपावर प्रतिटन १० रुपये व तितकाच वाटा शासनाने द्यावा असे ठरले. जानेवारी २०२४ मध्ये तोडणी-दरात ३४ टक्के वाढीचा करार झाला. यांपैकी प्रतिटन आकारणीचे तत्त्व विशेष महत्त्वाचे आहे. १,३०० लाख टन गाळपाच्या हंगामात कारखान्यांचा वाटा सुमारे १३० कोटी रुपये होतो. पण रकमेपेक्षाही, गाळलेल्या प्रत्येक टनामागे तोडणाऱ्याचे काही देणे लागते, ही गोष्ट कारखान्याच्या हिशेबात प्रथमच लिहिली गेली.

तोडणी-यंत्रांचा प्रसार झाल्यास हा सारा प्रश्न आपोआप संपेल, अशी आशा काही जण व्यक्त करतात. मजुराची गरजच संपली तर त्याच्यावरील अन्यायही संपेल, हा तर्क वरवर बरोबर दिसतो. परंतु यंत्र आले तर बीडचा मजूर उसाच्या फडातून मुक्त होऊन जाईल कोठे, याचे उत्तर त्या तर्कात नाही. सत्तर वर्षे ज्या श्रमावर उद्योग वाढला तो श्रम एके दिवशी अनावश्यक ठरविणे, हाही वारशाचाच एक भाग म्हणून मोजावा लागेल.

८. समारोप

औद्योगिक प्रवर्तकांचा वारसा मोजताना गुणांची एक यादी आणि दोषांची दुसरी यादी करून वजाबाकी करण्याची रीत प्रचलित आहे. प्रस्तुत उदाहरणात ती अपुरी पडते, कारण लाभ एका प्रदेशात व खर्च दुसऱ्या प्रदेशात पडलेला आहे. लोणीतील रुग्णालय आणि पाटोद्यातील स्त्रीचे आजारपण ही एकाच खात्याची दोन पाने आहेत, परंतु ती आजवर वेगवेगळ्या वह्यांत लिहिली गेली. ती एकत्र वाचणे हे संशोधनाचे काम आहे. त्यासाठी कारखान्यांचे वार्षिक अहवाल व चरित्रग्रंथ यांबरोबरच तोडणी-दराचे करार, मुकादमांच्या वह्या, फडाजवळच्या साखरशाळांची हजेरीपत्रके आणि स्थलांतर करणाऱ्या स्त्रियांच्या मुलाखती ही साधने अभ्यासली पाहिजेत. मुकादमाच्या वहीत उचल, टन, खाडे व बाकी या चार रकान्यांत एका कुटुंबाचे वर्ष मावलेले असते. अशा वह्या हंगाम संपल्यावर बहुधा फाडून टाकल्या जातात. त्या जपून ठेवण्याचे काम बीड जिल्ह्यातील महाविद्यालयांना फारशा खर्चावाचून हाती घेता येईल.